खोली नंबर चारमधलं शून्य

दुकानाच्या पाटीवर ‘येथे कपडे ढिले व घट्ट करून मिळतील’ एवढंच लिहिलेलं होतं, म्हणून सगळा बाजार तिला ढिलंघट्ट ताई म्हणायचा. नवे कपडे ती शिवत नसे. शिवणारे पायलीचे पन्नास आहेत, ती म्हणायची, निस्तरणारं कोणी नको का? आणि दुकान म्हणजे तरी काय, चपलांचं दुकान आणि औषधांचं दुकान यांच्यामध्ये राहून गेलेली एक फट. आत एक मशीन, एक इस्त्री, भिंतीला उंच आरसा आणि दाराशी बाबांचं स्टूल. गिऱ्हाईक आत आलं की बाबांना उभं राहावं लागे, तेव्हा कुठे त्याला आरशात स्वतःचं पोट दिसे.

माणसं काय काय उचलून आणतात हे ताईइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. बँकेतला कारकून दरवर्षी कंबरेला दोन बोटं कमी पडणारी पॅंट घेऊन यायचा आणि वर सांगायचा की कंपनीचं मापच चुकलंय. एका मुख्याध्यापिकेने पिवळाजर्द कोट आणला होता. तो घातला की बाईंना कावीळ झाल्यासारखी वाटे. ताईने तसं तोंडावर सांगितलं. बाई फणकारल्या, पण कोट घेतलाच. ताईची जीभ अशी होती खरी, मात्र जिभेपेक्षा तिचा हात जास्त आगाऊ होता. कोणी म्हणालं, दोन इंच आत घ्या, की ती मान डोलवायची आणि एकच इंच घ्यायची. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात; ती ताई कोणाला न विचारता भरपूर सोडायची. महिन्याभराने तोच माणूस पोट वाढवून परत यायचा, ताई माया उसवून द्यायची आणि तो म्हणायचा, “ताई, तुम्हाला कसं कळलं हो?” वीस वर्षं हेच ऐकत आल्यावर कोणाच्याही डोक्यात हवा जाईल. लोकांना स्वतःचं भलं कळत नाही, ते आपल्याला कळतं, हे ताईने मनात पक्कं धरलं होतं.

बाबा एकतीस वर्षं पोस्टमन होते. निवृत्त झाले आणि काचबिंदूने दोन वर्षांत दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून ते लेकीकडे. जावई लिफ्टदुरुस्तीच्या कामावर दिवसभर बाहेर, म्हणून बाबा सकाळी ताईबरोबर दुकानात येत. नुसतं बसून राहणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक पॅंट ओढून घेतली, बोटांनी टीप चाचपली आणि छोट्या टोकदार हत्याराने टाका टाका उसवून ठेवला, कापडाला ओरखडा न उठवता. तेव्हापासून उसवायचं काम त्यांचं, शिवायचं ताईचं. वाचायचंही ताईचंच. वर्तमानपत्र, बँकेची पत्रं, औषधाच्या बाटल्या, बसचे नंबर, सगळं ती वाचून दाखवी. एक डोळ्यांची जोडी बाप-लेकीला दोघांत पुरत होती, आणि दोघांचं छान चाललं होतं.

अशात नगरपालिकेची निवडणूक आली. नगराध्यक्षपदाला तीन उमेदवार होते. एक ठेकेदार, घोडा चिन्हाचा, गावातली अर्धी कामं त्याची आणि ती अर्धीच झालेली. एक इंजिनीअरबाई, बादली चिन्हाच्या. गटारं नीट करीन, एवढंच सांगायच्या आणि तेही झोप येईल अशा आवाजात. तिसरा बाकवाला. हा निवृत्त बसकंडक्टर. चिन्ह शिडी, आणि म्हणणं एकच, प्रत्येक बसथांब्यावर बसायला बाक. गटारांचं काय, विचारलं की तो म्हणे, आधी बसा, मग बोलू.

बाबांना तो माणूस फार आवडला. एकतीस वर्षं पायांनी पत्रं वाटलेल्या माणसाला बाकाची किंमत कोणी सांगायला नको. बाकवाला दुकानापाशी आला तेव्हा बाबांनी त्याच्या हातावर हात मारून सांगितलं, “माझं मत तुम्हाला. शब्द आहे.”

“बाबा, तो पडणार आहे,” ताई म्हणाली. “त्याला दिलेलं मत ठेकेदाराच्या पथ्यावर पडतं. दोन मतांनी बाई पडल्या तर?”

“तर पडल्या.”

“म्हणजे गाव गेलं खड्ड्यात, तुम्हाला बाक पाहिजे.”

“मला पाहिजे. ज्याला नकोय त्याने नको देऊ.”

ताईने मशीन जोरात चालवलं. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे इथे सांगून ठेवतो. मत ही जबाबदारी आहे, चार दिवस विचार करून द्यायची गोष्ट आहे, हे ती बाबांकडूनच ऐकून ऐकून शिकली होती.

मतदान शाळेत होतं, त्यांचा नंबर खोली नंबर चारमध्ये. लहान मुलांचे ठेंगणे बाक भिंतीला लावून ठेवले होते. टेबलाशी चित्रकलेचे मास्तर बसले होते. अंध मतदारासोबत कोणी आत जायचं तर त्याच्याकडून ते एका कागदावर सही घेत. मतदार सांगेल तिथेच शिक्का मारीन आणि ते कोणाला सांगणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं. आलेलं पार्सल घेताना करतात तशी ताईने सही ठोकून दिली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे बाबांनी तिचं मनगट दाबलं आणि हळूच म्हणाले, “शिडी, बरं का.”

शिडीच्या बरोबर वर बादली होती. मध्ये बोटभर अंतर. ताईने बादलीवर शिक्का मारला. तिला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर अजिबात नाही. कारकुनाच्या पॅंटीत माया सोडताना जितकं वाटायचं तितकंच. कागदाची घडी बाबांनी स्वतः घातली, पेटीची फट चाचपून स्वतः आत सोडली आणि बाहेर येताना विचारलं, “मारलास?”

“मारला.”

वर्गात पहिला नंबर आल्यासारखे बाबा घरापर्यंत ताठ चालत गेले.

इंजिनीअरबाई चारशे बारा मतांनी निवडून आल्या. ताईने बाजारात सगळ्यांना चहा पाजला. चारशे बारामध्ये बाबांच्या एका मताची काहीच गरज पडली नव्हती, ही गोष्ट तिच्या लक्षातसुद्धा आली नाही.

आठ दिवसांनी बाकवाला दुकानाच्या दारात उभा राहिला. त्याला अख्ख्या गावात त्रेसष्ट मतं पडली होती आणि हा गृहस्थ त्या त्रेसष्टांचे आभार मानायला निघाला होता. मतं गुप्त, आता आभार कोणाचे मानायचे? पण शाळेच्या फाटकावर प्रत्येक खोलीतल्या मतांची यादी लावली होती. ती त्याने वहीत उतरवून घेतली होती आणि खोलीखोलीच्या वस्तीत तो अंदाजाने आभार मानत फिरत होता.

“पण काका, तुमच्याकडे आभार मानायला नाही आलो,” तो हसत म्हणाला. “खोली नंबर चार. शून्य. एवढं मोठ्ठं शून्य. तुम्ही तर हातावर हात मारला होता!”

मशीनवरचा ताईचा पाय थांबला. बाबांच्या मांडीवर राखाडी पॅंट होती, अर्धी कंबर उसवलेली. त्यांची बोटं टाक्यावरच राहिली. शून्य म्हणजे शून्य. एक असतं तरी ते कोणाचं, यावर वाद घालता आला असता. ताईला वाटलं, आता आपला बाप सगळ्या बाजारादेखत आपल्याला विचारणार.

बाबा म्हणाले, “ऐन वेळी माझंच मन फिरलं हो. म्हातारा माणूस. माफ करा मला.”

“अहो असू द्या काका, लोकशाही आहे,” म्हणून बाकवाला निघून गेला. मोठ्या मनाचा माणूस. पण जाताना त्याने बाबांना शब्द न पाळणारा माणूस समजून जावं लागलं, आणि एकतीस वर्षांत एकही पत्र चुकीच्या दारात न टाकलेल्या माणसाने ते स्वतःहून अंगावर घेतलं. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चपलांच्या दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून ती रडली नाही, एवढंच.

दुपारी गर्दी सरल्यावर ती म्हणाली, “बाबा, चुकलं माझं. पण तुमच्या भल्यासाठीच—”

“कोणत्या घरात वाईट बातमी जातेय ते मला पाकिटावरून कळायचं,” बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “तार असली तर कळायचंच. म्हणून मी ती शेजारच्या घरात टाकली का?”

ताईने मशीनवरचं कापड नुसतंच सरळ केलं.

“बाकवाल्याला मत देणं हा वेडेपणा असेल. पण तो माझा होता. माझ्याकडे आता माझं म्हणून राहिलंय काय? तू माझी चूकसुद्धा माझ्याकडे राहू दिली नाहीस.”

यानंतर त्या विषयावर ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्यात बँकेचं पत्र आलं. ताईने वाचून दाखवलं. बाबांनी ते खिशात ठेवलं, काठी घेतली आणि औषधवाल्याकडे गेले. मधली भिंत पातळ होती. “जरा बघा हो, यात काय लिहिलंय?” औषधवाल्याने तेच शब्द, त्याच क्रमाने वाचले. बाबा परत येऊन स्टुलावर बसले. मग हे नेहमीचंच झालं. ताई बसचा नंबर सांगे, बाबा चढताना कंडक्टरला पुन्हा विचारत. ताई औषधाची बाटली हातात देई, बाबा संध्याकाळी जावईबापूंना विचारत, ही तीच ना? कसला राग नाही, टोमणा नाही. फक्त तिच्या डोळ्यांवरचा भरवसा गेला होता, आणि तो परत कसा आणायचा हे तिला सुचत नव्हतं.

“सुंभ जळला तरी पीळ जळत नाही,” नवरा म्हणायचा. “बापाचाही आणि लेकीचाही. आता सोस.”

ताईने सोसलं. आणि कोणी न सांगता तिच्या हाताची सवय बदलली. दोन इंच म्हणजे दोन इंच. गिऱ्हाइकांना हे मुळीच आवडलं नाही. बँकेतला कारकून महिन्याभराने घट्ट पॅंट घेऊन रडत आला. “ताई, पूर्वी तुम्ही समजून सोडायच्या!”

“आता विचारून सोडते. तुम्ही नको म्हणालात.”

“मी काय, मी काहीही म्हणतो!”

“तेच तर,” ताई म्हणाली, आणि दाराशी स्टुलावर बसलेले बाबा पहिल्यांदा खुदकन हसले. ताईला ते हसू पुढे कितीतरी दिवस पुरलं.

इंजिनीअरबाईंनी गटारं खरोखर केली. इतकी नीट केली की चार वर्षं सगळं गाव उकरलेलं होतं. घरांत पाणी शिरायचं बंद झालं, पण पदपथांची पार चाळण झाली. डोळस माणसं शिव्या देत उड्या मारून जात. बाबांची काठी दर चार पावलांवर कशात तरी अडके; एकदा गुडघा फोडून घेतला, तेव्हापासून ते पोस्टापर्यंतसुद्धा एकटे जाईनासे झाले. जुन्या मित्रांशी तिथे जाऊन गप्पा मारणं हा त्यांचा एकच शौक होता. बाईंचं म्हणणं, पदपथ शेवटी. हिशोबाने बरोबरच होतं ते. पण शेवट येईपर्यंत बाबा ऐंशीचे झाले असते.

पुन्हा निवडणूक लागली. तीन आठवडे उरले असताना एका सकाळी ठेकेदाराची माणसं आली आणि त्यांनी ताईच्या दुकानापासून पोस्टाच्या दारापर्यंत गुळगुळीत फरशी बसवून टाकली. तेवढीच. बाबा काठी घेऊन निघाले, पोस्टात गेले, तासभर बसले आणि एकटे परत आले.

“कुठेच अडकली नाही गं काठी,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुललेला ताईने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

ठेकेदार मात्र भाषणांतून उघड सांगत होता की दोन दुकानांमधल्या असल्या फटी साफ करून बाजार देखणा करायचा. ताईची चोवीस-पंचवीस वर्षांची भाकरी होती त्या फटीत. तिने बाबांना ते एकदा सांगितलं. एकदाच.

“ऐकलं,” बाबा म्हणाले. “त्याच्या भाषणातही ऐकलं. निवडणुकीपूर्वी सगळेच गर्जतात. तू तुझं मत तुला पटेल त्याला दे, माझं मला देऊ दे.”

मतदानाच्या सकाळी तिने स्वतःच विषय काढला. “बाबा, शिक्का मारायला तिथले अधिकारी मदत करतात. मास्तरांना न्या आत.”

“तूच चल.”

“मी?”

“दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. तुझं पोळून झालंय. नवा माणूस मी कुठे शिकवत बसू?”

तीच शाळा, तीच खोली, तेच चित्रकलेचे मास्तर, फक्त टक्कल पडलेले. या वेळी ताईने कागदावरचं अक्षर न् अक्षर वाचलं आणि मग सही केली. आडोशामागे बाबा म्हणाले, “घोडा.”

तिने कागदाकडे पाहिलं. बादली होती, घोडा होता. खोलीत दुसरं कोणी पाहत नव्हतं आणि जे शेजारी उभे होते त्यांना दिसत नव्हतं. बादलीवर मारला तर तिचं दुकान थोडं तरी वाचत होतं. आणि या वेळी शून्य येणार नव्हतं. ठेकेदाराला खोली नंबर चारमध्ये भरपूर मतं होती, त्यांत एक कमी पडलं तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. ती देवमाणूस नव्हती. मग तिने शिक्का उचलला, घोड्याच्या बरोबर मधोमध ठेवला आणि पॅंटीवर इस्त्री दाबतात तसा घट्ट दाबला. ठसा स्वच्छ उमटला. कागद तिने बाबांच्या हातात दिला.

बाहेर अंगणात आल्यावर तिच्याने राहवेना. “बाबा, घोड्यावरच मारला.”

“मी विचारलं का?” बाबा म्हणाले. “आणि कोणाला सांगणार नाही म्हणून सही करून आलीस ना? चल आता, भूक लागली.”

चार दिवसांनी विमा कंपनीचं पत्र आलं. ताईने वाचून दाखवलं. बाबांनी घडी घालून ते खिशात ठेवलं. ताईने मशीन चालू केलं नाही. कान देऊन बसली. पण बाबांनी काठी उचलली नाही. त्यांनी शेजारच्या ढिगातून एक जाकीट ओढलं, बाहीची टीप शोधली आणि उसवायला बसले. मग ताईने मशीन चालू केलं, आणि पहिली हातभर टीप वाकडीच गेली, कारण डोळ्यांत पाणी असलं की सरळ टीप कोणालाच येत नाही.

ठेकेदार निवडून आला. खोली नंबर चारमध्ये त्याला एक्क्याण्णव मतं पडली. फट साफ करायची नोटीस आली, बाजाराने मोर्चा काढला, त्यात घोडावाले आणि बादलीवाले दोघेही होते आणि पुढच्या रांगेत काठी घेऊन बाबा. नोटीस मागे गेली. पुन्हा येईल, असं जाणते म्हणतात. आली की पुन्हा जाऊ, ताई म्हणते. दुकान अजून चालू आहे. फरशी मात्र वर्षभरही टिकली नाही. पोस्टाच्या वाटेवर पहिली निखळली, मग तिची शेजारीण, आता ती पूर्ण वाट म्हाताऱ्याच्या दातांसारखी हलते. ठेकेदाराला त्या गल्लीत पुन्हा कोणी पाहिलेलं नाही.

परवाच बाप-लेक त्या वाटेने चालले होते. ताईने बाबांचा दंड धरला होता. समोरून बाकवाला आला. त्याचाही पाय एका हलत्या फरशीवर पडला आणि तो पडता पडता सावरला.

“कोणत्या गाढवाने या माणसाला निवडून दिलं कोण जाणे!” तो करवादला.

बाबांनी वर्गात हजेरी द्यावी तशी काठी उंच केली. “मी! मी दिलं. चुकलंच माझं. ती इंजिनीअरबाईच बरी होती.” आणि चूक कबूल करताना कोणी इतकं खूश दिसलेलं ताईने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मग ते तिच्याकडे वळले. “काय गं, ही चूक माझीच ना?”

“हो बाबा,” ताई म्हणाली. “पूर्ण तुमचीच.”